आठव्या क्रमांकाची युती

शाळेत तिला सगळे पक्कड म्हणत. एखादा मुद्दा धरला की सोडायचीच नाही. तिची आई कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रं दुरुस्त करायची. काम चालू असताना साहेबानं घाई केली, तर स्क्रूड्रायव्हर त्याच्यापुढे धरून म्हणायची, "घ्या, तुम्हीच करा." लेकही त्याच वळणाची.

रोबोंच्या स्पर्धेत पक्कड आपल्या शाळेची कप्तान होती. खांबावर रिंगा चढवायच्या, असा खेळ. दिवसभराच्या फेऱ्यांनंतर तिचा संघ आठवा आला. आता पहिल्या आठ कप्तानांनी क्रमानं दोन-दोन जोडीदार बोलावून युती करायची होती. बोलावणं नाकारणाऱ्याला पुन्हा कुणी बोलवायचं नाही, असा नियम होता. पहिल्या आठांतला असेल, तर त्याला स्वतःची युती मात्र करता येई.

निवडीआधी पहिल्या क्रमांकाचा कप्तान त्यांच्या टेबलाशी आला.

"तुम्हाला घेतो. फक्त रोबोचा हात काढा, आमच्या आड येतो. नुसतं उभं राहून समोरच्यांना अडवायचं."

"अकरा फेऱ्यांत आमची एकही रिंग पडलेली नाही," पक्कड म्हणाली. "तुमच्या सहा पडल्यात. डावा खांब आम्हाला द्या. शेवटचं अर्धं मिनिट आम्ही अडवायचं काम करू."

तो हसला. "आठवे येऊन अटी घालताय?"

"युती म्हटली की बोलणी दोन्हीकडून होणार."

तो खांदे उडवून गेला. रोबो चालवणारा तिचा मामेभाऊ काकुळतीला आला. "अगं, हो म्हण ना! करंडक दारात आलाय." कार्यशाळेचे सर एवढंच म्हणाले, "कप्तान तू आहेस."

तरी माइकवरून पहिल्या क्रमांकाचं बोलावणं आलं ते त्यांनाच; अटींचं मात्र नावही नव्हतं. पक्कड उभी राहिली. "आभारी आहोत. आम्ही येत नाही." मामेभावानं कपाळाला हात लावला.

तिची पाळी आल्यावर तिनं थेट बाविसावा संघ बोलावला. त्यांचा रोबो गोगलगाईसारखा चाले, पण एकदाही मध्येच बंद पडला नव्हता. त्यांच्या कप्तान मुलीला तिनं विचारलं, "तुम्हाला काय जमतं? आणि काय नाही, तेही सांग."

"दिवसभरात हे कुणी विचारलंच नाही," ती मुलगी म्हणाली. मग तिनं मोकळेपणानं सगळं सांगून टाकलं. दुसरा जोडीदारही तिनंच सुचवला.

पहिली गाठ पडली ती पहिल्या क्रमांकाशीच. तीनपैकी दोन डाव जिंकायचे होते. पहिला डाव पक्कडच्या युतीनं मारला, लोक खुर्च्यांवर चढले. दुसरा गेला. तिसऱ्यात शेवटच्या क्षणी पक्कडचीच रिंग निसटली आणि एका रिंगेनं सगळं संपलं.

मामेभाऊ तोंड फिरवून वायरी गुंडाळत बसला. तो कप्तान घामानं थबथबलेला हात पुढे करत आला.

"आमच्यात आला असतात, तर आज जिंकला असतात."

"तुम्ही जिंकला असतात," पक्कड म्हणाली. "आम्ही नुसते उभे राहिलो असतो." तिनं त्याचा हात घट्ट दाबला आणि बाविसाव्या संघाची जड पेटी उचलू लागायला गेली.