नॉर्मल नमुना म्हणून माझंच रक्त दिलं

मंडळी, सकाळपासून डोकं सुन्न आहे, म्हणून इथे लिहून राहिले.

मी नागपुरात कॉलेजमध्ये बायोटेक शिकवते. आज मुलींना सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची स्वस्तातली डीएनए तपासणी दाखवत होते. महागडं मशीन लागत नाही. डीएनएच्या तुकड्यावर एक एन्झाइम टाकायचं. जनुक ठीक असेल तर ते तुकडा कापतं, बदल असेल तर कापत नाही. तुलनेसाठी नॉर्मल नमुना हवा होता, तो मी माझाच दिला.

तुकडे लांबीप्रमाणे वेगळे दाखवणाऱ्या जेलवर माझ्या रांगेत कापलेले तुकडेही दिसले आणि न कापलेलेही.

"मॅडम, हे तर वाहकाचं आहे," एक मुलगी हळूच म्हणाली.

नमुना परत चालवला. तेच आलं.

वाहक म्हणजे आजारी नव्हे, जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीतच बदल असतो; मी ठणठणीत आहे. पण धाकट्या बहिणीचं, रूपालीचं, लग्न ठरलंय. तीही वाहक असू शकते, आणि नवराही निघाला तर मुलांना आजार होऊ शकतो. पारशिवनीला आईला फोन केला. ती म्हणाली, "आता रूपालीचं कसं वं?"

संध्याकाळी रूपाली आणि तिचा होणारा नवरा अमोल आले. मी दोघांना सगळं सांगितलं. अमोलने शांतपणे बाही वर केली.

"ताई, पयले माह्यं रक्त घ्या. काही निघालं तरी मी लग्न मोडत नाही. पोराबाळांचं डॉक्टरले विचारून ठरवू."

तेव्हा कुठे रूपाली रडली.

तुमच्याकडे लग्न ठरवताना हा विषय कुणी काढतं का? काढला तर समोरचे काय म्हणतात?