माईंचा आवाज

माईंना हळू बोलणं जमतच नसे. त्यांचे यजमान, नाना, सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस मशिनवर होते आणि त्या धडधडीत त्यांचे कान गेले होते. त्यामुळे माईंनी सगळा संसार वरच्या पट्टीत केला. नाना गेले, पट्टी काही उतरली नाही. आमची दारं समोरासमोर. पण त्यांच्याकडे आज दोडका आहे की गवार, हे मलाच काय, खाली दूधवाल्यालाही कळायचं.

माहेर विंचूरचं, त्यामुळे बोलण्यात तिकडचा ठसका होता. मनात काही ठेवायचं नाही, हा त्यांचा धर्म. मी जरा गप्प दिसले की हाताला धरून ओट्यापाशी बसवायच्या. "बोलून टाक बाई. कांदा पोत्यात कोंडला की सडतोच." माझं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी नवऱ्याच्याही आधी माईंना सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने तब्येत विचारली, तरी मला राग आला नाही.

मग त्या एकदा बाथरूममध्ये पडल्या. मुलगा महेश बेंगळुरूला नोकरीत. तो वाईट नव्हता, हे आधीच सांगते. धावत आला, दवाखाना केला आणि जाताना हॉलच्या कोपऱ्यात, छताजवळ, एक छोटा पांढरा कॅमेरा बसवून गेला. मोबाइलवर त्याला आई दिसायची आणि इकडे कोपऱ्यातून त्याचा आवाज यायचा, "आई, गोळी घेतली का?" माईंना आधी फार कौतुक. ताट उचलून कॅमेऱ्याला दाखवायच्या, "बघ, मेथी केलीय. तुझ्यावानी डब्यातलं नाय खात मी." पण त्याचा रोजचा फोन हळूहळू थांबला. माईंनी विचारलं तर म्हणाला, "अगं, रोज बघतोच की तुला."

मुलगी शोभा ओझरला दिलेली. ती एका दुपारी आली तेव्हा मी तिथेच होते. उठायला लागले, तर माईंनीच थांबवलं. नवरा हात उचलतो, हे शोभा त्या दिवशी पहिल्यांदा बोलली. "दादाला इतक्यात सांगू नको. मी नोकरी बघतेय. मिळाली की मुलीला घेऊन बाहेर पडते. तोवर यांना सुगावा लागायला नको." माईंनी त्या दिवशी आवाज खाली आणला. मी तो तसा कधी ऐकला नव्हता.

कॅमेरा महेश बोलतो तेव्हाच ऐकतो, अशी माईंची समजूत होती. माझीही. पण तो सगळं साठवून ठेवत होता. संध्याकाळी महेशने ते ऐकलं, त्याचं डोकं फिरलं आणि त्याने सरळ मेहुण्याला फोन लावून दम दिला.

त्यानंतर शोभाचा मोबाइल नवऱ्याकडे गेला आणि नोकरीचा विषय संपला. एकदाच ती आली, हाताला बँडेज होतं. उंबरा ओलांडला नाही. "आई, तुझ्या घरात बोलायची सोय राहिली नाही," एवढंच म्हणाली आणि जिना उतरून गेली. पुन्हा आली नाही.

"मी शोभासाठीच केलं ना?" महेश कोपऱ्यातून म्हणत होता. माई वर बघत राहिल्या.

"काढून टाका तो," मी त्यांना जिन्यात म्हटलं.

"काढला तर पोराला वाटंल, आई परत पडली. तिकडं जिवाला घोर लावायचा का त्याच्या?"

तरी एकदा त्यांनी प्लग ओढला. लगेच मला महेशचा फोन आला, "काकू, जरा आईकडे बघता का?" मी गेले तोवर माईंनी प्लग परत लावलाही होता.

मग त्यांनी बोलणंच सोडलं. आधी स्वतःच्या घरात, मग माझ्याकडेही. "माई, इथे कोण ऐकतंय?" म्हटलं, तर त्यांनी टेबलावरच्या माझ्या मोबाइलकडे बोट केलं. मी तो आत ठेवून आले. त्या चहा पिऊन तशाच उठल्या. गोळीचं विचारलं की महेशला मान हलवून सांगायच्या. पुढे पुढे मानही हलेना. महेशला त्याचीही सवय झाली.

गेल्या थंडीत एका संध्याकाळी त्याचा फोन आला. "काकू, आई रुसलीय बहुतेक. सकाळपासून खुर्चीतच बसलीय. हाका मारल्या, बघतसुद्धा नाही. जेवली का, विचारता?"

माझ्याकडे किल्ली होती. खुर्चीशी जाऊन मी माईंचा हात धरला, तो गार पडलेला होता. कोपऱ्यातून महेश विचारत होता, "काय म्हणतेय, काकू?"

शोभा आली, नवऱ्यासोबत. तो दारातच उभा राहिला. महेश विमानतळावर पोहोचला होता आणि तिथून बघत होता. शोभाने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. आता ही हंबरडा फोडणार, म्हणून मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने मान उचलून दाराकडे पाहिलं, मग वर कोपऱ्याकडे पाहिलं. आणि ओढणीचा बोळा तोंडात कोंबला.