नानांची आफ्रिका

माझे मोठे काका, साक्रीकडचे नाना, माणसांशी तुटक बोलत आणि गुरांशी तासन्‌तास गप्पा मारत. पाहुणा ओट्यावर ताटकळला तरी हे आपले गोठ्यात, चांदीच्या कानाशी भावकीची गाऱ्हाणी सांगत उभे. चांदी म्हणजे त्यांची गाय. काकू गेल्यावर तर त्यांचं ऐकून घेणारं तेवढं एकच उरलं होतं म्हणा ना.

म्हणून मुलाने, विलासने, आफ्रिकेच्या सहलीचं तिकीट पुढे केलं तेव्हा नाना उखडलेच. "चांदी गाभण शे. मी कोठेच जावाव नही."

"तुम्ही बिनघोर जा नाना, मी शे ना!" विलास म्हणाला. सोबतीला मला धाडलं.

केनियाच्या उत्तरेचं ते अभयारण्य; लाल धुरळा, कोरडी नदी, काटेरी झाडं. हत्ती दिसला की बाकीची मंडळी जीपमध्ये उभी राहायची. नाना जांभई देत म्हणायचे, "हत्ती तं सर्कसमा बी देखेल शे. गुरं कोठे शेतस?"

गुराख्यांच्या वस्तीत नेलं तेव्हा कुठे गडी खुलला! मण्यांच्या माळा घातलेला एक म्हातारा आणि नाना, दोघांनी एका गाभण गाईच्या कासेला हात लावून, ती कधी विणार यावर हातवाऱ्यांनीच हुज्जत घातली. म्हाताऱ्याने तुंब्यातलं धुरकट दूध दिलं. परक्या घरचं पाणी न पिणारे नाना ते गटागटा प्यायले. मग गाइडकरवी विचारलं, दुष्काळात जनावरं विकता का? म्हातारा म्हणाला, विकावीच लागतात, पण कुठलं विकायचं ते घरातला वडीलधारा ठरवतो. नानांनी खूश होऊन त्याच्या पाठीवर थाप मारली.

परत आलो, तर गोठ्याच्या जागी फरशी, आणि तिच्यावर विलासची नवी गाडी. चांदीसकट सगळी गुरं विकलेली.

"नाना इथे असते तर विकू दिली असती का?" विलास मलाच विचारतो! माझं तर टाळकंच सटकलं. अरे, बापाला फिरायला पाठवलंस की वाटेतून काढलंस?

नानांनी आवाज चढवला नाही. चांदी कुणाकडे गेली, एवढंच विचारलं. नरडाण्याकडचा व्यापारी होता, पुढचं विलासला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी गाव आफ्रिका ऐकायला जमलं. कुणीतरी विचारलं, "नाना, तठला लोक कसा शेतस?"

"चांगला शेतस," नाना म्हणाले. "गुरं इकाकरता बापले विमानमा बसाडतस नही."

विलास चहा देत होता, तो देतच राहिला.

त्याच वर्षी नाना गेले. उत्तरकार्याच्या पंगतीत जो तो म्हणत होता, नशीबवान बाप, पोराने आफ्रिका दाखवली. विलास हात जोडून ते ऐकून घेत होता. मी भरल्या पानावरून उठलो.