सकाळी पूर्वेला वळवायचं पॅनल

दिनकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात वर्तमानपत्राच्या कचेरीत होतो. फोन त्याच्या पत्नीचा, सुमनवहिनींचा. "गच्चीवर गेले, तिथंच बसले…" एवढंच त्या बोलल्या. मी सांगलीची बस धरली.

आम्ही रहिमतपूरच्या शाळेत एका बाकावर होतो. पुढे तो सैन्यात गेला, तिथल्या वर्कशॉपमध्ये गाड्यांच्या विजेचं काम शिकला आणि निवृत्तीनंतर त्यानं सांगलीत जळालेल्या मोटरी पुन्हा गुंडाळून द्यायचं, रिवायंडिंगचं दुकान टाकलं. सूर्यामागे फिरणारं सौर पॅनल बनवायचं त्यानं कधी ठरवलं, ते मला नक्की सांगता येत नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गच्चीवर दोन पॅनल शेजारी होती, एक स्थिर, एक फिरतं. फिरत्याच्या कडेला दोन छोटे सेन्सर होते आणि मध्ये पत्र्याची उभी पट्टी. सूर्य सरकला की पट्टीची सावली एका सेन्सरवर पडे, आणि दोन्हींवर सारखं ऊन येईपर्यंत मोटर पॅनल वळवत राही. मोटर जुन्या जीपच्या वायपरची. दर तासाला दिनकर मीटर लावून दोन्ही पॅनलचे आकडे वहीत लिहायचा. शेजारच्यांनी घरावर नवा पत्रा घातला, तेव्हा फिरतं पॅनल अख्खी दुपार त्या चकाकीकडे तोंड करून राहिलं. "नवीन हाय, शेजाऱ्याकडं बघणारच," दिनकर म्हणाला. सेन्सरवर पाइपाचा तुकडा बसवून त्यानं ती खोड मोडली.

दुसरी मोडली नाही. संध्याकाळी पॅनल पश्चिमेला तोंड करून थांबे आणि सकाळी सूर्य पाठीमागे उगवला तरी त्याला कळत नसे. रोज उजाडताना दिनकर वर जायचा, मोटर आणि पॅनल जोडणारी पिन काढून ते हातानं पूर्वेला वळवायचा. मला या पॅनलची बातमी करायची होती. प्रत्येक भेटीत मी विचारायचो आणि उत्तर ठरलेलं असायचं.

"सोताहून उठाय लागलं की लिही. आत्ता काय लिहिणार, म्हातारा रोज उठवतोय म्हणून?"

"टायमर लाव की."

"टायमर घड्याळ बघतो, गड्या. ह्यानं सूर्य बघाय पायजे."

त्यानं पॅनलच्या पाठीला तिसरा सेन्सर लावला, पण नदीवरून धुकं आलं की तो फसायचा. शेवटच्या भेटीत दिनकर म्हणाला, "झालंच हाय बग. पुढल्या खेपेला कॅमेरा घिऊन ये." पुढची खेप त्या फोननंतरची होती.

महिन्याभरानं मी पुन्हा गेलो आणि मुक्काम केला. दुकानातला कारागीर टायमर बसवून देतो म्हणाला होता, वहिनींनी नको सांगितलं होतं. वहीत दिनकर गेला त्या सकाळचा रकाना कोरा आहे. त्यानंतरची पानंही.

उजाडल्यावर आम्ही दोघं वर गेलो. पॅनल पश्चिमेला तोंड करून होतं. "बगा भाऊजी, हे वळवाय मला न्हाई जमलं," वहिनी म्हणाल्या. मी पिन काढली, पॅनल पूर्वेला ढकललं, पिन पुन्हा घातली. मोटर घुरघुरली आणि पॅनल बोटभर मागे आलं.

"लय वळिवलंत," वहिनी म्हणाल्या. "ह्यांचंबी रोज जास्तच व्हायचं. ते असं मागं आलं की मग चहाला खाली यायचे."

पॅनल थांबलं. खाली जायची घाई आम्हा दोघांनाही नव्हती…