मिठाच्या पाण्याचे उंदीर

नव्वदच्या दशकात जालन्यातल्या एका फार्मसी कॉलेजात मी एम.फार्म. करत होते. मेंदूतला एक रिसेप्टर औषधानं अडवला तर फिट थांबते का, हे पांढऱ्या उंदरांवर बघायचं, असं माझं काम. सहा उंदरांना औषध, दुसऱ्या सहांना नुसतं मिठाचं पाणी. मग कानांना चिमटे लावून क्षणभर करंट, म्हणजे फिट येते. मिठाच्या पाण्याचे आडवे झाले आणि औषधवाले सावरले, की औषध खरं.

त्या आठवड्यात मात्र मिठाच्या पाण्याचा एकही उंदीर आडवा होईना! मशीन तपासलं, चिमटे बदलले. सगळं काम मातीत जायची वेळ आली. मी मुळात तापट; उंदरांची देखभाल करणाऱ्या मामांवर खेकसले, "काय खाऊ घालून राह्यले हो यांना?"

"रोजचंच की ताई. कणीक मामीच मळती."

मामी म्हणजे त्यांची बायको. दोघं बदनापूरहून रोज सकाळच्या गाडीनं यायची. मामी झाडलोट करायची, कणकेचे गोळे वळायची आणि एकेका उंदराला "खा रे राजा" म्हणायची. तिला स्वतःला फेफरं होतं. गोळी चालू होती म्हणून वर्षभर काही त्रास नव्हता.

तिला विचारायला वळले, तर ती पिंजऱ्यांपाशी कोसळलीच. कुणीतरी कांदा हुंगवायला आणायला धावलं. मामांनी हातानंच नको म्हटलं. तिला कुशीवर केलं, डोक्याखाली हात घातला, पदर नीट केला. शेकडो फिटा सेकंदांत मोजणारी मी नुसती उभी. तिचे ते वळलेले हात मला बघवेनात.

ती भानावर आल्यावर मी विचारलं, "मामी, गोळी घेतली नव्हती का?"

"अर्धी घेतली. अर्धी रोज कणकीत घालते."

"अगं बाई! कशाला?"

"त्या दुसऱ्या पिंजऱ्यातल्यांसाठी. तुमीच म्हणल्त्या ना, त्यांन्ला औषध न्हाई म्हणून. मंग त्यांनी काय करावं?"

मला रडूच फुटलं. रडता रडता तिला चांगली झापली. प्रयोग गेला खड्ड्यात, उद्यापासून अख्खी गोळी माझ्यासमोर घ्यायची, म्हणून शपथ घातली. तिनं निमूट मान हलवली. मग मामांकडं बघून हळूच म्हणाली, "मागल्या आठवड्यात एकाला झटका आलेला पाह्यला. लई वंगाळ दिसतं वो. मला बी तसंच व्हतं का?"

"छ्या! तू तर नुसती झोपतीस," मामा म्हणाले.

तिनं माझ्याकडं बघितलं. "खरं का, ताई?"

तोवर माझ्या वहीत मी एक सेकंदही खोटा लिहिला नव्हता.

"हो मामी," मी म्हणाले, "नुसत्या झोपता."