आत्याला दिसलेला जावई

आमच्या घरात आत्याने मुलगा बघितल्याशिवाय कुणाचंही लग्न ठरत नाही, आणि आत्याला दिसत नाही.

डोळे जाऊन तिला बरीच वर्षं झाली. अधिकार शाबूत आहेत. तिचा फोन लिहिलेलं वाचून दाखवतो, फोटो आला की गप्प बसतो. म्हणून फोटो पाठवला की खाली वर्णन लिहायचं, हा घरचा नियम. माझ्या पुतणीने, सायलीने, चिरनेरचा एक मुलगा पसंत केला. त्याचा फोटो आला आणि वर्णनाचं काम मी ओढवून घेतलं. पनवेलच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस घरात असताना दुसऱ्या कुणी लिहायचं म्हणजे काय!

मी तासभर खपलो. डोंगरावर रेललेले ढग, वाऱ्यावर डोलणारं गवत, सगळं आलं. उरलेल्या जागेत मुलगा बसवला. केस विस्कटलेले, डोळे अर्धवट मिटलेले, एका हाताने खांब धरलेला, दुसऱ्या हातात बाटली. (एक शब्द खोटा नव्हता.)

आत्याने ते ऐकलं आणि आम्हा सगळ्यांना बोलावून घेतलं.

"पोरगा पितो. रविवारी येऊ नका म्हनून सांगा त्यांना."

सायलीचा चेहरा पांढराफटक पडला. तिचा बाप, म्हणजे माझा भाऊ, माझ्याकडे असा बघायला लागला की मी चहाचा कप खाली ठेवला. पोरीचं लग्न मोडत होतं, तेही माझ्या शुद्ध मराठीत! बाटली पाण्याची आहे, असं मी सांगून पाहिलं. सगळे तसंच सांगतात, असं आत्याचं म्हणणं पडलं.

सायलीने फोन घेतला, माझे ढग पुसले आणि स्वतः लिहिलं. फोन वाचायला लागला, "हा नितीन. क्रिकेटची मॅच नुकतीच संपलीय. पायाला पॅड, काखेत बॅट, हातात पाण्याची बाटली. उन्हाने डोळे बारीक केलेत. दमलाय, पण हसतोय."

आत्याने ते तीनदा ऐकलं.

"हां. आता दिसला. येऊ दे रविवारी."

माझा जीव भांड्यात पडला. भावाने गार झालेला कप उचलून माझ्या हातात दिला, म्हणजे मी पुन्हा घरातला झालो. मग आत्याने विचारलं, बॅट तुला दिसली नाय का रे? दिसली होती. पण बॅटला साजेशी उपमा सुचेना, म्हणून गाळली होती.

लग्नाच्या फोटोंखाली नवरीनेच लिहायचं, असा आत्याने हुकूम सोडला. मी मुकाट मान डोलावली. आठवीत सायलीच्या निबंधावर 'वर्णन तोकडे' असा लाल शेरा मारून तिला दहापैकी तीन गुण देणारा मास्तर मीच!