पारामावशी आणि रडणारी चांदी

दातांच्या दवाखान्यात बत्तीस वर्षं मदतनीस असलेल्या बाईंना सगळे पारामावशी म्हणत. डॉक्टरांचा चढलेला पारा उतरवणाऱ्या त्याच, आणि काचेच्या खलात चांदीच्या भुग्याबरोबर पारा घोटणाऱ्याही त्याच. घोटलेला गोळा फडक्यात पिळून जास्तीचा पारा वाटीत पाडायचा, उरलेला तळहातावर घेऊन अंगठ्याने दाबायचा. नीट जमला असेल तर तो बारीक चिरचिरतो. "रडला का?" डॉक्टर विचारत. "रडला," मावशी म्हणत, आणि चांदी दातात बसे. खुर्चीतला नवा माणूस मात्र घाईघाईने डोळे पुसे.

डॉक्टर गेले. पुढे यंत्रं आली, दातात पांढरं सिमेंट भरलं जाऊ लागलं. दवाखाना चालवणाऱ्या त्यांच्या मुलीने जुनी हत्यारं काचेच्या कपाटात मांडायची ठरवली आणि नावं सांगायला मावशींना बोलावलं. पायाने चालवायचं दात कोरण्याचं यंत्र झालं, दाढा उपटायचे चिमटे झाले. खल मात्र तिने हातमोजे घालून उचलला.

"मावशी, उघड्या हातांनी घोटायचात? दातात बसलेल्या चांदीचं एवढं नाही, पण सुटा पारा वाईट. त्याची वाफ दिसत नाही, वास येत नाही, अंगात मात्र भिनते. लहान मुलांच्या तर जास्तच. मग हातांना कंप सुटतो."

मावशींना घरातली बाटली आठवली. पिळून उरलेला पारा डॉक्टरांनी एकदा इंजेक्शनच्या बाटलीत भरून दिला होता. "पोराला खेळायला न्या." मावशींनी कौतुकाने नेला होता. ती बाटली मुलाच्या जुन्या खेळण्यांच्या डब्यात होती, आणि तो डबा आज सकाळीच त्यांनी चार वर्षांच्या नातीसमोर ओतला होता.

चपला कशाबशा पायात सरकवून त्या निघाल्या. रस्ता संपता संपेना.

नात जमिनीवर बसली होती. हातात बाटली. मावशींनी ती हिसकावली, तशी पोरीने भोकाड पसरलं. बाटली रिकामी होती.

"सांडलास? तोंडात घातलास? बोल गं!"

आतून मुलगा धावत आला. "अगं आई, तिला काय ओरडतेस? तो पारा मीच सांडलाय. कधीचा! फरशीच्या फटीत गेला सगळा. तू मारशील म्हणून बोललो नाही."

मावशींनी नातीला जवळ ओढलं. पोर वाचली. मग त्यांनी विचारलं, "कुठल्या फटीत?"

मुलाने हसत बोट दाखवलं. पूर्वी तिथे त्याची खाट असायची. आता नातीची होती.

"ती खाट ओढ आधी! ओढ म्हणते ना!" मावशी ओरडल्या. तो खाट ओढत असताना त्या त्याच्या बोटांकडे बघत राहिल्या. चहाचा कप धरला तरी बशीत किणकिणायचा, अशी थरथरती बोटं.

"कधी सांडलास रे?"

"सातवीत असेन. अक्षर किडामुंगीसारखं यायला लागलं म्हणून तू रोज हातावर पट्टी मारायचीस बघ, त्याच वर्षी."